सहीची घाई करू नका: मज्जारज्जूच्या इजेनंतर भरपाई कुणाकडून, किती आणि कशी

प्रश्न: माझे मिस्टर २९ वर्षांचे आहेत. रबाळे एमआयडीसीत ठेकेदारामार्फत सीएनसी ऑपरेटर होते. पगार २४ हजार, बँकेत जमा व्हायचा. पीएफ कापला जायचा, ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) नव्हतं. चार महिन्यांपूर्वी सेकंड शिफ्ट सुटल्यावर रात्री बारानंतर ते बाइकवरून ठाणे-बेलापूर रोडने कळव्याला घरी येत होते. दिघ्याजवळ उजव्या बाजूने चाललेल्या छोट्या टेम्पोने इंडिकेटर न देता डावीकडच्या गेटात वळण घेतलं आणि त्यांना उडवलं. मणक्याला रॉड-स्क्रू टाकले, पण कमरेखाली काहीच कळत नाही. डिस्चार्ज कार्डवर डी-१० (पाठीचा दहावा मणका) लिहिलंय. बिल ६ लाख ८० हजार झालं. टेम्पोचा विमा चालू आहे, पण ड्रायव्हरकडे फक्त कारचं लायसन्स आहे आणि मालक म्हणतो टेम्पो मी आधीच विकलाय. विमा कंपनीचा माणूस अडीच लाखांच्या कागदावर सही मागतोय. ठेकेदार लेबर कोर्टाचा फॉर्म घेऊन आला होता. हॉस्पिटलमध्ये भेटलेला एकजण म्हणतो, तीस टक्के द्या, वकील मी लावतो. बिल्डिंगमधले म्हणतात, हेल्मेट हँडलला लटकवलेलं होतं, काही मिळणार नाही. हल्ली ते फार चिडतात, सकाळचं संध्याकाळी विसरतात. जबाबदार नक्की कोण आणि मी काय करू? – एक वाचक, कळवा

उत्तर: ताई, तिघांपैकी कुणाच्याही कागदावर अजून सही केली नाहीत, हे फार चांगलं केलंत. तिन्ही कागदांत वेगवेगळी मेख आहे, म्हणून आधी तेच उलगडतो.

अडीच लाखांचा कागद मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खालचा आहे. तिथे चूक कुणाची हे सिद्ध करावं लागत नाही. मृत्यू झाला तर ५ लाख आणि गंभीर इजा झाली तर अडीच लाख, असे आकडे ठरलेले आहेत. पैसे लवकर हातात येतात हे खरं. पण पूर्ण भरपाई मागायच्या कलम १६६ मध्येच लिहून ठेवलंय की कलम १६४ ची रक्कम स्वीकारली की मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातला क्लेमचा अर्ज संपतो. म्हणजे अडीच लाख घेतले की पुढचं दार बंद. आणि कायद्याच्या व्याख्येत 'गंभीर इजा' फार सैल आहे: हाड मोडलं तरी गंभीर, दात तुटला तरी गंभीर. तुटलेल्या दाताला आणि तुटलेल्या मज्जारज्जूला एकच आकडा लावणारं हे कलम तुमच्यासाठी नाही.

ठेकेदाराच्या फॉर्ममध्ये लबाडी असेलच असं नाही, तरी तोही आत्ता भरू नका. कामावरून घरी येताना झालेला अपघात, कामाशी त्याचा संबंध दिसत असेल तर, कामगार भरपाईच्या कायद्यात बसतो. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका साखर कारखान्याच्या रखवालदाराच्या प्रकरणात हे स्पष्ट केलं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हा विषय सामाजिक सुरक्षा संहितेत गेला आहे. आतापर्यंत वापरात असलेलं सूत्र असं: पूर्ण कायमच्या अपंगत्वाला पगाराच्या ६० टक्के गुणिले वयाचा घटक, आणि पगार कितीही जास्त असला तरी महिना १५ हजारच धरायचा. तुमच्या मिस्टरांच्या वयाला घटक २०९.९२, म्हणजे ९,००० गुणिले २०९.९२, सुमारे १८ लाख ९० हजार. रक्कम छोटी नाही. पण मोटार वाहन कायद्याचं कलम १६७ सांगतं की एकाच अपघाताची भरपाई दोन्ही कायद्यांखाली मागता येत नाही, एक वाट निवडावी लागते. कामगार भरपाईत कुणाची चूक सिद्ध करावी लागत नाही, म्हणून टेम्पो पळून गेला असता किंवा चूक तुमच्या मिस्टरांचीच असती, तर आम्ही तुम्हाला तीच वाट धरायला सांगितलं असतं. इथे टेम्पो सापडलाय, विमा चालू आहे आणि चूक टेम्पोची दिसतेय, तेव्हा मोटार अपघात दावा न्यायाधिकरण हीच जागा.

(ज्यांचा ईएसआय कापला जातो, त्यांचं गणित वेगळं. कामावरच्या इजेसाठी ईएसआयचा लाभ मिळत असेल तर दुसऱ्या कायद्याखालच्या भरपाईवर ईएसआयच्या तरतुदींची आडकाठी येते. त्यांनी हे उत्तर जसंच्या तसं स्वतःला लावू नये, आधी वकिलाला ईएसआयचे कागद दाखवावेत.)

तिसरा, टक्क्यांवाला. निकालाच्या रकमेत वाटा ठरवून फी घ्यायला बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलांना मनाई आहे. असा करार घेऊन फिरणारा दलाल खरा वकील आणेलही, पण त्याचं हित लवकर तडजोड होण्यात असतं आणि तुमचं हित पूर्ण रक्कम मिळण्यात. त्याच्या हातात कोऱ्या वकीलपत्रावर सही देऊ नका आणि मूळ बिलं तर अजिबात देऊ नका.

आता आकड्याकडे येऊ. अडीच लाख का नाकारायचे हे त्याशिवाय पटत नाही, आणि घरातल्या मोठ्यांनाही तुम्हाला हे पटवून द्यावं लागेल. न्यायाधिकरण भविष्यातल्या कमाईचं नुकसान असं काढतं: महिन्याची कमाई, तिच्यात पुढच्या वाढीची टक्केवारी, गुणिले १२, गुणिले वयानुसार ठरलेला गुणक, आणि शेवटी कमाईची क्षमता किती टक्के गेली तो आकडा. गुणकांचा तक्ता सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या सरला वर्मा निकालात पक्का केला. २६ ते ३० वयाला तो १७ आहे. पुढच्या वाढीची टक्केवारी २०१७ च्या प्रणय सेठी निकालातून येते: चाळिशीच्या आतल्या, कायम नोकरी नसलेल्या माणसाला ४० टक्के. इजेच्या दाव्यातही ही वाढ मिळते, हे २०२० मध्ये पप्पू देव यादव प्रकरणात स्पष्ट झालं. तर २४,००० अधिक ९,६०० म्हणजे ३३,६००. वर्षाचे ४,०३,२००. गुणिले १७, म्हणजे ६८,५४,४००. मृत्यूच्या दाव्यात माणसाचा स्वतःचा खर्च म्हणून यातून वजावट होते. इजेच्या दाव्यात ती होत नाही, कारण माणूस जिवंत आहे आणि त्याचा खर्च उलट वाढला आहे. पीएफची कपातही कमाईतून वजा करायची नसते, तेव्हा पगार-स्लिपवरचा एकूण आकडा लावा, हातात आलेला नाही.

याशिवाय, झालेलं बिल, पुढचा औषधोपचार, सोबतीच्या माणसाचा खर्च, वेदना आणि गमावलेल्या सुखांचे वेगळे शीर्षक. सोबतीचा खर्च बहुतेक घरं मागायचीच विसरतात, कारण बायको किंवा आई ते काम करत असते. घरचं माणूस सेवा करतंय म्हणून तो खर्च शून्य होत नाही. २०२० च्या काजल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अपंग झालेल्या मुलीच्या सोबतीचा खर्च गुणक लावून मोजला. समजा महिना १०,००० मान्य झाले, तर १०,००० गुणिले १२ गुणिले १७, वीस लाख चाळीस हजार. ताई, तुम्ही दिवसरात्र जे करताय त्याची ही किंमत आहे आणि ती मागण्यात संकोच नको.

या सगळ्या गणितात एक आकडा सर्वात नाजूक: कमाईची क्षमता किती टक्के गेली. तुमच्या प्रकरणात दर दहा टक्क्यांमागे ६,८५,४४० रुपये हलतात. अपंगत्वाच्या दाखल्यावर शरीराचं अपंगत्व लिहिलेलं असतं, पण न्यायाधिकरणाला मोजायचं असतं ते त्या माणसाच्या त्या कामापुरतं झालेलं नुकसान. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हा फरक उदाहरणाने सांगितला: डावा हात गेला तर ड्रायव्हर किंवा सुतार जवळपास सगळी कमाई गमावतो, सरकारी कारकुनाची नोकरी मात्र टिकू शकते. विमा कंपनीचे वकील म्हणतील, हात शाबूत आहेत, बसून काम करता येईल. त्यावर उत्तर कागदानेच द्यायचं. ठेकेदाराकडून किंवा कंपनीच्या सुपरवायझरकडून कामाचं स्वरूप लेखी घ्या: पूर्ण शिफ्ट उभं राहून काम, मशिनच्या चकमध्ये (पकडीत) जॉब (घडवायचा तुकडा) लावणं-काढणं, किती किलोचे जॉब उचलायचे, मशिनचं दार उघडून वाकून चिप साफ करणं, टूल बदलणं, दर काही जॉबनंतर मायक्रोमीटरने माप घेणं. सोबत आयटीआयचं किंवा शाळेचं प्रमाणपत्र. ज्याचं सगळं शिक्षण आणि अनुभव उभ्याने करायच्या कामाचा आहे, त्याला 'बसून काम' कोण देणार, हे न्यायाधीशांना त्या कागदावरून दिसतं.

दाखल्याची घाई आणि अर्जाची घाई यांची गल्लत करू नका. मज्जारज्जूच्या इजेत जी काही सुधारणा व्हायची ती पहिल्या सहा महिन्यांत ते वर्षभरात जास्त होते, त्यामुळे कायमच्या अपंगत्वाचा दाखला डॉक्टर थोडं थांबून देतात. अर्ज मात्र दाखल्यासाठी अडवून ठेवायचा नाही. दाखला पुराव्याच्या वेळी देता येतो. अपघात १ एप्रिल २०२२ नंतरचा असेल तर कायद्यात अर्जाची मुदत सहा महिने आहे. या मुदतीला आव्हान दिलेलं आहे आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेशात सांगितलं की केवळ उशिराच्या कारणाने अर्ज फेटाळू नयेत. तरी त्या भरवशावर राहू नका. तुमच्याकडे अजून दोन महिने आहेत, ते वापरा. दुसरं कारण साधं आहे: व्याज सहसा अर्जाच्या तारखेपासून लागतं. उशीर झाला तर तेवढं व्याज गेलं.

जबाबदार कोण, हा तुमचा मूळ प्रश्न. चूक ड्रायव्हरची, त्याच्या चुकीला जबाबदार गाडीचा मालक, आणि मालकाच्या वतीने पैसे भरणारी विमा कंपनी. अर्जात तिघांनाही प्रतिवादी करायचं. थर्ड पार्टी विम्यात माणसाच्या इजेला रकमेची वरची मर्यादा नसते, म्हणून 'एवढाच विमा आहे' असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. टेम्पो विकल्याची गोष्ट फारशी टिकणार नाही: अपघाताच्या दिवशी आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच कायद्याने मालक, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार प्रकरणात म्हटलंय. गाडीचा नंबर टाकून मालकाचा आणि विम्याचा तपशील लगेच काढून ठेवा, अपघाताच्या तारखेला पॉलिसी चालू होती हे त्यावर दिसलं पाहिजे.

लायसन्सवरूनही घाबरू नका. हलक्या वाहनाचं लायसन्स असलेला ड्रायव्हर ७,५०० किलोपर्यंत वजनाचं मालवाहू वाहन चालवू शकतो, त्यासाठी वेगळी नोंद लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी रंभादेवी प्रकरणात कायम केलं. छोटा टेम्पो त्या मर्यादेच्या कितीतरी खाली आहे. लायसन्सची मुदत संपलेली वगैरे निघाली, तरी पॉलिसीच्या अटी मोडल्याचं भांडण विमा कंपनी आणि मालकाचं असतं. आधी तुम्हाला पैसे द्या आणि मग मालकाकडून वसूल करा, असे आदेश न्यायाधिकरणं देत आली आहेत.

हेल्मेटबद्दल खरं तेच सांगा. हेल्मेट न घालणं हा गुन्हा आहेच, पण भरपाईत कपात करायची तर त्या चुकीमुळे ती इजा झाली किंवा वाढली, हे विमा कंपनीला दाखवावं लागतं. पाठीच्या मणक्याला हेल्मेट वाचवत नाही. डी-१० च्या इजेवर या मुद्द्याचा परिणाम व्हायला नको. पण तुम्ही लिहिलेली दुसरी गोष्ट, ते चिडतात आणि विसरतात, आम्हाला जास्त काळजीची वाटते. मोठी इजा मणक्याची असली की डोक्याच्या माराकडे दुर्लक्ष होतं. अपघाताच्या रात्रीचा सीटी स्कॅन आणि केस पेपरवरचा बेशुद्धीचा स्कोअर शोधा. नुसतं दुःखाने आणि असहायतेनेही माणूस असा होतो, तेव्हा न्यूरोलॉजिस्टकडून तपासून स्मरणशक्तीची आणि एकाग्रतेची रीतसर चाचणी करून घ्या. मेंदूची इजा निघाली तर ती दाव्यात घालायलाच हवी. त्या भागापुरता हेल्मेटचा मुद्दा निघेल आणि थोडी कपात होऊ शकेल, हे मान्य करूनही. लपवून ठेवलेली इजा नंतर मागता येत नाही, आणि उपचारही राहून जातात.

कोर्टाच्या धावपळीत एक गोष्ट मागे पडू देऊ नका: त्यांची कातडी आणि लघवी. मज्जारज्जूच्या रुग्णाचा जीव घरी आल्यावर जातो तो अनेकदा बेडसोर (पडून राहिल्याने होणारी जखम) आणि लघवीच्या संसर्गाने. त्यांना दुखणं कळत नाही, म्हणून जखम हाडापर्यंत गेली तरी ते ओरडणार नाहीत. रात्रीसुद्धा दर दोन तासांनी कूस बदला. चादरीला सुरकुती नको. रोज सकाळी माकडहाड, नितंबांची हाडं, टाचा आणि घोट्यांची बाहेरची बाजू उजेडात बघा. बोट दाबून काढल्यावरही लालसरपणा जात नसेल, तर तिथे जखम सुरू झाली आहे आणि लाली जाईपर्यंत त्या जागेवर अजिबात भार द्यायचा नाही. व्हीलचेअरवर बसल्यावर दर पंधरा-वीस मिनिटांनी त्यांनी हातांच्या जोरावर अंग उचलून धरायचं. त्यांचे हात चांगले आहेत, त्यांना हे जमेल, आणि हे त्यांनी स्वतः करणं मनासाठीही चांगलं. डॉक्टरांनी वेळोवेळी नळी घालून लघवी काढायला शिकवलं असेल तर दर चार ते सहा तासांनी, आणि एका वेळी निघणारं प्रमाण ५०० मिलिलिटरच्या वर जात असेल तर अंतर कमी करायचं. ताप, गढूळ लघवी किंवा पायांना अचानक वाढलेले झटके दिसले की त्याच दिवशी डॉक्टरकडे. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था आहे. व्हीलचेअर, कॅलिपर (पायांना लावायचे आधार), उचलून बसायचं शिक्षण, मूत्राशयाची काळजी हे सगळं तिथे एकाच ठिकाणी होतं. एकदा जरूर दाखवा.

हे सगळं करताना एक दोनशे पानी वही ठेवा. तारीख, कॅथेटर (लघवीच्या नळ्या) किती लागले, ड्रेसिंग, औषधं, रिक्षा किंवा ॲम्ब्युलन्सचं भाडं, कोण रात्री जागलं. मेडिकलवाल्याकडून प्रत्येक वेळी नावाचं छापील बिल घ्या. आपल्याकडचे दावे कमी रकमेवर सुटतात ते बहुतेक वेळा याच ठिकाणी. अपघात कसा झाला यावर सगळे भांडतात, पण घरी रोज काय लागतं याचा कागद कुणाकडे नसतो, आणि मग पुढच्या सगळ्या वर्षांच्या औषधपाण्याला एक ठोक आकडा लावला जातो. सहा महिन्यांची अशी वही आणि त्यासोबत डॉक्टरांचं एक पत्र (आयुष्यभर काय काय लागेल, व्हीलचेअर आणि गादी किती वर्षांनी बदलावी लागेल, वर्षाला कोणत्या तपासण्या) असेल, तर तो आकडा हवेत राहत नाही. डॉक्टरांकडून डिस्चार्ज कार्डवर इजा पूर्ण की अपूर्ण आणि एआयएस ग्रेड (संवेदना आणि हालचाल किती उरली याची श्रेणी) कोणती, हेही लिहून घ्या. दाखला देणाऱ्या किंवा उपचार करणाऱ्या डॉक्टरांना साक्षीला यावं लागेल, त्यांना आत्ताच नम्रपणे सांगून ठेवा.

पोलीस ठाण्यातून काय आणायचं: एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा आणि नकाशा, दोन्ही गाड्यांच्या तपासणीचे अहवाल, इजेचा दाखला, साक्षीदारांचे जबाब आणि दोषारोपपत्र दाखल झालं असेल तर त्याची प्रत. २०२२ पासूनच्या नियमांनुसार तपास अधिकाऱ्याने ४८ तासांत पहिला अपघात अहवाल, १० दिवसांत तुम्हाला तुमच्या हक्कांची लेखी माहिती, ५० दिवसांत अंतरिम आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाकडे द्यायचा असतो. तो सविस्तर अहवालच न्यायाधिकरण अर्ज म्हणून घेऊ शकतं. कागदावर हे आपोआप व्हायला हवं, प्रत्यक्षात विचारल्याशिवाय फाइल हलत नाही. चार महिने झालेत, तेव्हा लेखी अर्ज देऊन अहवालाची प्रत मागा आणि पोच घ्या. तुमचा स्वतंत्र अर्ज तरीही दाखल करा.

पंचनामा नुसता घेऊन ठेवू नका, वाचा. टेम्पोच्या डाव्या बाजूला कुठे मार आहे, काचेचे तुकडे रस्त्याच्या कुठल्या भागात पडले होते, बाइक गेटपासून किती अंतरावर होती. मार टेम्पोच्या डाव्या दाराला किंवा पुढच्या डाव्या कोपऱ्याला असेल, तर तो आडवा आला हे गाडीच सांगते. विमा कंपनी म्हणणार की बाइक वेगात होती आणि डावीकडून घुसली. त्याला याच खुणा उत्तर देतात. म्हणून बाइक दुरुस्त करू नका, भंगारात देऊ नका. चारही बाजूंनी फोटो काढा. त्या गेटच्या किंवा शेजारच्या कंपनीच्या सीसीटीव्हीचं चित्रण आता पुसलं गेलं असण्याची शक्यता जास्त, पण पोलिसांनी आधीच घेतलं असेल तर त्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडलंय का ते बघा. ते नसेल तर ती क्लिप कोर्टात अडते.

ड्रायव्हरवरचा फौजदारी खटला वेगळा चालेल. त्यात तो सुटला तरी तुमचा क्लेम पडत नाही, कारण न्यायाधिकरणात संशयापलीकडचा पुरावा लागत नाही, जास्त शक्यता कशाची एवढंच बघतात.

या अर्जाशिवाय मिळू शकणारे आणखी काही पैसे आहेत. तुमच्या मिस्टरांच्या स्वतःच्या बाइकची पॉलिसी काढा आणि प्रीमियमच्या रकान्यात 'ओनर-ड्रायव्हर पीए' (गाडी चालवणाऱ्या मालकाचा स्वतःचा अपघात विमा) अशी ओळ आहे का बघा. असेल, बाइक त्यांच्या नावावर असेल आणि लायसन्स चालू असेल, तर कायमच्या पूर्ण अपंगत्वाला १५ लाखांचं संरक्षण त्यात असतं. त्यात चूक कुणाची हा प्रश्न येत नाही, आणि टेम्पोकडून मिळणाऱ्या भरपाईपेक्षा तो वेगळा आहे. त्यांच्या बँक पासबुकात वर्षाला २० रुपये कापल्याची नोंद दिसली, तर ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना. दोन्ही पायांचा वापर कायमचा गेला तर २ लाख. त्याचा फॉर्म खरं तर अपघातापासून तीस दिवसांत द्यायचा असतो, तेव्हा उशिराचं कारण हॉस्पिटलच्या कागदासह लिहून लगेच द्या. पीएफसोबत पेन्शन योजनेचं सदस्यत्व असेल तर नोकरीत असताना कायमचं पूर्ण अपंगत्व आल्यावर पेन्शन लागू होते, अगदी एका महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी. पगार खात्यावर बँकेचा अपघात विमा असू शकतो, तोही शाखेत विचारा.

आणखी एक, इतर वाचकांसाठी: मे २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमीला नेमून दिलेल्या हॉस्पिटलांत अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाखापर्यंतचे उपचार रोख न भरता मिळण्याची योजना लागू आहे. दाखल करतानाच मागा, नंतर उपयोग नाही. आणि अपघात खड्ड्यामुळे झाला असेल तर मुंबई उच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर २०२५ च्या आदेशाप्रमाणे जखमीला ५० हजार ते अडीच लाख आणि मृताच्या वारसांना ६ लाख मागता येतात.

अर्ज कुठे करायचा: अपघात झाला तिथे, तुम्ही राहता तिथे किंवा प्रतिवादी राहतो तिथे, यातलं कुठलंही. तुम्ही कळव्याच्या, म्हणून ठाण्याला कोर्ट नाक्यावरच्या जिल्हा न्यायालयातलं न्यायाधिकरण सोयीचं. बेलापूरला जायची गरज नाही. वकिलाची फी परवडत नसेल तर त्याच आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. महिलांना आणि अपंग व्यक्तींना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, तुम्ही दोघंही त्यात बसता. जायच्या आधी १५१०० वर फोन करून कागद विचारून घ्या. पुढे लोकअदालतीत तडजोडीचा प्रस्ताव येईल. तो सरसकट नाकारायचा नसतो, पण तिथल्या निवाड्यावर अपील नाही, म्हणून अपंगत्वाचा दाखला आणि डॉक्टरांचं खर्चाचं पत्र हातात येण्याआधी तिथे होकार देऊ नका. रक्कम मंजूर झाली की मोठा भाग मुदत ठेवीत ठेवून दरमहा व्याज द्यायचा आदेश न्यायाधिकरण देतं. हॉस्पिटलच्या बिलासाठी उसने घेतले असतील, तर तेवढी रक्कम लगेच मोकळी करण्याची विनंती वकिलाला आधीच लेखी द्यायला सांगा.

विमा कंपनीच्या माणसाला एवढंच सांगा: जे द्यायचं ते कलम आणि रक्कम लिहून कंपनीच्या लेटरहेडवर पाठवा, आमचे वकील उत्तर देतील.